वारा कळला, पाणी कळलं नाही : नर्गिस, २००८

३ मे २००८ च्या सकाळी, 'नर्गिस' चक्रीवादळ येऊन गेल्यावर, म्यानमारमधल्या इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशात किती माणसं उरली आणि किती गेली, याचा हिशोब लागायला जुलै उजाडला. आसियान, संयुक्त राष्ट्रं आणि म्यानमार सरकार यांच्या संयुक्त पाहणीत आकडे आले : ८४,५३७ मृत, ५३,८३६ बेपत्ता, १९,३५९ जखमी. 'बेपत्ता' हा शब्द कागदापुरता. समुद्राने खाड्यांमधून ओढून नेलेली माणसं परत येत नसतात. मृतांमध्ये ६१ टक्के स्त्रिया होत्या. नुकसान सुमारे ४ अब्ज डॉलर.

त्याच दिवसांत दिल्लीच्या मौसम भवनातून एक खुलासा आला. वादळ किनाऱ्याला लागण्याच्या ४८ तास आधी आपण त्याची जागा आणि तीव्रता म्यानमारला कळवली होती, असं भारतीय हवामान विभागाने सांगितलं. एकूण ४१ सूचना पाठवल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. हा खुलासा खोटा नव्हता. सूचना गेल्या होत्या, पोचल्याही होत्या.

मग सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली कशी? याचं तयार उत्तर म्हणजे म्यानमारची लष्करी राजवट. १० मे रोजी राज्यघटनेवर सार्वमत घ्यायचं ठरलं होतं आणि इतकं घडूनही ते पुढे ढकललं गेलं नाही. फक्त बाधित भागांसाठी तारीख २४ मे झाली. परदेशी मदत कितीतरी दिवस दारात अडकून पडली. अशा राज्यकर्त्यांना त्रिभुज प्रदेशातल्या मच्छीमारांची काय पडली असणार, असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण त्या उत्तराने एक गैरसोयीचा प्रश्न झाकला जातो. राजवट चांगली असती, तर त्या सूचनांच्या बळावर माणसं वाचवता आली असती का? माझं मत असं की काही वाचली असती, पण वाटतं तितकी नाही. याचं कारण सूचनांच्या मजकुरात आहे.

आधीची चौकट

बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांनी हवामानाची माहिती एकमेकांना द्यायची, ही पद्धत बसायलाही एक मोठा संहार व्हावा लागला होता. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात ३ ते ५ लाख माणसं मारली. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि आशिया-पॅसिफिकसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक-सामाजिक आयोग यांनी मिळून या भागासाठी चक्रीवादळ पॅनेल स्थापन केलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, ब्रह्मदेश, श्रीलंका, थायलंड असे देश त्यात होते. पुढे मालदीव आणि ओमान आले, मग येमेन, आणि २०१८ मध्ये इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती. आज १३ सदस्य आहेत. १९८८ पासून दिल्लीचं केंद्र या सगळ्यांसाठी अधिकृत प्रादेशिक चक्रीवादळ केंद्र म्हणून काम करतं.

भारत आणि पाकिस्तान ज्या थोड्या टेबलांवर नेमाने एकत्र बसतात, त्यातलं हे एक. वादळांना नावं देण्याची यादीही इथलीच. सप्टेंबर २००४ पासून ती वापरात आली. 'नर्गिस' हे फुलाचं नाव पाकिस्तानने सुचवलेलं, जाहीर केलं दिल्लीने, आणि वादळ गेलं म्यानमारवर. (जून २०२० मध्ये अलिबागजवळ आलेल्या 'निसर्ग'चं नाव बांगलादेशाचं, हे कोकणातल्या अनेकांना ठाऊक नसेल. आपल्याला ते घरचं वाटलं, कारण शब्द दोन्हीकडे सारखाच.)

माहितीचा ओघ दोन्ही दिशांना असतो, हे नीट पाहायला हवं. किनाऱ्यावरच्या आणि बेटांवरच्या वेधशाळा ठरलेल्या वेळी तापमान, वायुदाब, वारा यांची नोंद जागतिक दूरसंचार प्रणालीवर टाकतात. त्यात जहाजांची आणि तरंगत्या बोयांची निरीक्षणं येतात, उपग्रहाची चित्रं येतात. यांगूनचा दाब दिल्लीच्या नकाशावर लागतो आणि पोर्ट ब्लेअरचा यांगूनच्या. संगणकाच्या प्रारूपाला (मॉडेलला) सीमा दिसत नाही. शेजाऱ्याकडची नोंद आली नाही की आपलाच अंदाज लंगडा पडतो. म्हणून या देवाणघेवाणीला मी परोपकार म्हणणार नाही. प्रत्येकाची गरज आहे म्हणून ती टिकली आहे.

या सगळ्यातून दिल्ली 'सल्ला' काढते. चक्रीवादळ तयार झालं की दर तीन तासांनी : केंद्राचे अक्षांश-रेखांश, मध्यावरचा दाब, वाऱ्याचा कमाल वेग, पुढचा मार्ग, समुद्राची स्थिती. सल्ला हा शब्द जपून निवडलेला आहे. 'इशारा' देण्याचा हक्क फक्त त्या त्या देशाच्या हवामान सेवेचा. दिल्लीचं केंद्र इरावतीच्या मुखाकडच्या लबुट्टाच्या मच्छीमाराला थेट काही सांगू शकत नाही, आणि सांगू नयेच. दोन देशांतून दोन वेगळे इशारे आले तर माणूस तिसऱ्याच गोष्टीवर विश्वास ठेवतो. पण त्यामुळे झालं असं, की सल्ला आणि इशारा यांच्या मधली जागा पूर्णपणे घेणाऱ्या देशाच्या कुवतीवर सोडली गेली. २००८ मध्ये ती कुवत कोणाकडे किती आहे, याचा हिशोब कुणी मांडलेला नव्हता.

सात दिवस

२७ एप्रिलला उपसागराच्या मध्यावर डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाआधीचं कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं. दुसऱ्या दिवशी त्याचं चक्रीवादळ झालं आणि नाव पडलं. सुरुवातीला ते वायव्येकडे, म्हणजे भारताच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. मग मंदावलं, कोरडी हवा आत शिरून थोडं ढिलंही पडलं. अशा वेळी वेधशाळेतला माणूस सर्वांत अस्वस्थ असतो, कारण थांबलेलं वादळ कुठेही वळू शकतं. ते पूर्वेकडे वळलं. १ मेपासून त्याने झपाट्याने जोर धरला आणि २ मेच्या संध्याकाळी १६ अंश अक्षांशाच्या आसपास म्यानमारच्या नैऋत्य किनाऱ्याला धडकलं. भारतीय हवामान विभागाच्या नोंदीत वाऱ्याचा वेग ताशी १६५ किलोमीटर, केंद्राचा दाब ९६२ हेक्टोपास्कल. अमेरिकी नौदलाच्या इशारा केंद्राच्या नोंदीत तोच वेग २१५ च्या घरात. फरकाचा एक भाग मोजणीच्या रीतीचा आहे : आपल्याकडे वाऱ्याची सरासरी तीन मिनिटांची धरतात, ते एक मिनिटाची धरतात. तज्ज्ञाला हे कळतं. पण एकाच वादळाचे दोन आकडे हातात पडलेल्या जिल्हा अधिकाऱ्याने काय समजायचं?

त्या अक्षांशावर वादळ सरळ पूर्वेकडे जाणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. म्यानमारवर येणारी बहुतेक वादळं उत्तरेकडच्या राखाइन किनाऱ्याला लागतात. तिथे डोंगर जवळ आहेत आणि लोकांना वादळाची सवय आहे. इरावतीच्या मुखाकडच्या लोकांच्या आठवणीत असं काही नव्हतंच. आजीने सांगितलेली गोष्ट नव्हती, पळून जायची ठरलेली टेकडी नव्हती. टेकड्याच नाहीत तिथे. सपाट भातशेती, खाड्यांचं जाळं आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम उंचीवर बांधलेली बांबूची घरं.

म्यानमार सरकारने आपण रेडिओ आणि टीव्हीवरून वादळाची सूचना दिल्याचं नंतर सांगितलं. सूचना ऐकलेला माणूसही काय करणार होता? जोराचा वारा येणार म्हटल्यावर तो घराचं छप्पर आवळून बांधतो आणि आत बसतो. वाऱ्यासाठी ते शहाणपणाचं आहे. पाण्यासाठी जीवघेणं.

पाणी

चक्रीवादळात माणसं बहुतांशी वाऱ्याने मरत नाहीत, बुडून मरतात. वादळ समुद्राचं पाणी पुढे ढकलत आणतं, त्याला आपण वादळी उधाण म्हणू. त्याची उंची कशी ठरते, हे थोडं उलगडून सांगतो, कारण या प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. नर्गिसच्या केंद्रात आजूबाजूपेक्षा दाब पन्नासेक हेक्टोपास्कलने कमी होता, म्हणजे त्याने पाणी फार तर अर्धा मीटर उचललं असेल. बाकी सगळं काम वाऱ्याचं. वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो. समोरचा तळ खोल असेल तर ते पाणी खालून मागे परतू शकतं, उथळ असेल तर त्याला जायला जागाच राहत नाही आणि ते चढत जातं. इरावतीच्या मुखासमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. त्यात आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, त्यामुळे केंद्राच्या पूर्वेला वारा दक्षिणेकडून येतो. नर्गिस पश्चिमेकडून किनाऱ्याला जवळजवळ समांतर येत होतं. म्हणजे त्रिभुज प्रदेश सतत त्याच्या समोर आणि उजव्या हाताला राहिला, नेमका जिथे पाण्याचा लोट सर्वांत मोठा असतो. वादळ असं तासन्‌तास पाणी नदीमुखांतून आत कोंबत राहिलं. नंतर जाऊन पाहणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना काही ठिकाणी ५ मीटरच्या आसपास उधाणाच्या खुणा मिळाल्या, त्यावर लाटा वेगळ्या. पाणी सुमारे ५० किलोमीटर आत गेलं होतं. लबुट्टा आणि बोगले हे तालुके सर्वांत जास्त होरपळले.

आता पाहा, हे गणित करायला काय काय लागतं. वादळाचा मार्ग, दाब, वाऱ्याचा वेग : हे दिल्लीकडे होतं आणि वाटलंही जात होतं. भरतीची वेळ : तीही मिळू शकते. पण किनाऱ्यासमोरच्या तळाची खोली आणि किनाऱ्यामागच्या जमिनीची उंची ही माहिती हवामान खात्याची नसते. ती नौदलाच्या, सर्वेक्षण खात्याच्या कपाटात असते आणि बहुतेक देश ती लष्करी गुपित म्हणून जपतात. तापमानाचे आकडे शेजाऱ्याला देताना कुणी दचकत नाही. समुद्राच्या तळाचा नकाशा द्यायचा म्हटलं की फाईल वर जाते आणि तिथेच राहते. 'हवामानाच्या माहितीची देवाणघेवाण' या शब्दांत हा तळ बसत नाही, आणि माणसं मात्र त्या तळामुळेच बुडतात.

मे २००८ मध्ये दिल्लीहून पॅनेलच्या देशांना जाणाऱ्या सल्ल्यात उधाणाच्या उंचीचं मार्गदर्शन नसे. ते ज्याचं त्याने काढायचं, अशी वाटणी होती. म्यानमारकडे किनाऱ्यावर वादळ टिपणारं रडारचं जाळं नव्हतं, उधाणाचं प्रारूप चालवून त्यावरून इशारा काढण्याची पुरेशी तयारीही नव्हती. ४१ सूचनांनी वारा सांगितला. गावात पाणी किती चढेल, हे त्या साखळीत नेमकेपणाने सांगणारं कुणीच नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वीचं शेजारघर

हे मत मी फक्त तर्कावर मांडत नाही. १५ नोव्हेंबर २००७ ला, म्हणजे नर्गिसच्या जेमतेम साडेपाच महिने आधी, 'सिद्र' बांगलादेशावर गेलं. तोच उपसागर, तेच दिल्लीचं केंद्र, त्याच नमुन्याचे सल्ले. वारा नर्गिसपेक्षा जोरदार, भारतीय नोंदीत ताशी २१५ किलोमीटर. मृतांचा सरकारी आकडा ३,४०६.

बांगलादेशात काय वेगळं होतं? १९७० नंतर तिथे रेड क्रिसेंट आणि सरकारने मिळून चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम उभारला. सिद्रच्या वेळी त्याचे ४० हजारांहून जास्त स्वयंसेवक किनाऱ्यावर होते : हातातला भोंगा, मेगाफोन, खांबावर चढवायचे बावटे. किनाऱ्यावर आश्रयघरं होती. 'दहा नंबरचा महाविपद संकेत' लागला म्हणजे काय करायचं, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत होतं. दिल्लीचा सल्ला ढाक्याला आला, ढाक्यात त्याचा इशारा झाला, आणि इशाऱ्याचा एक आकडा होऊन तो गावाच्या खांबावर चढला.

पण बांगलादेशाचं कौतुक करताना एक विसरू नये. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात तिथेही सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली होती. नर्गिसचे मृत आणि बेपत्ता मिळवले तर आकडा जवळपास तोच येतो. त्या वेळी हा कार्यक्रम होता, सल्लेही होते, आश्रयघरं मात्र फार थोडी होती. १९९१ ते २००७ या सोळा वर्षांत त्यांनी ती बांधली. ओडिशाचंही तसंच : १९९९ मध्ये सुमारे १० हजार मृत्यू, आणि ऑक्टोबर २०१३ च्या 'फायलिन'मध्ये दहाएक लाख लोक आधीच हलवल्यामुळे काही डझन. म्यानमारला २००८ मध्ये जे भोगावं लागलं, ते शेजाऱ्यांनी आधी भोगलेलं होतं. पॅनेलच्या बैठकीत वाऱ्याचे आकडे वाटले गेले, हा अनुभव त्या प्रमाणात वाटला गेला नाही.

नंतरची दुरुस्ती

नर्गिसनंतरचा बदल आश्चर्य वाटावं इतका लवकर झाला. जून २००८ मध्ये जागतिक हवामान संघटनेच्या कार्यकारी परिषदेने उधाणावर लक्ष ठेवण्याची प्रादेशिक योजना मागितली. एप्रिल २००९ च्या हंगामापासून दिल्लीचं केंद्र पॅनेलच्या देशांसाठी उधाणाचं मार्गदर्शन देऊ लागलं, आधी प्रायोगिक म्हणून, दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेल्या प्रारूपावर. हे प्रारूप आधीपासून होतं. तांत्रिक अडचण मोठी नव्हती, आपल्या कामाची हद्द कुठे संपते याची समजूत आड येत होती. म्यानमारच्या हवामान खात्यातले लोक त्याच प्रारूपाच्या प्रशिक्षणासाठी भारतात आले. या साऱ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

बाकीच्या संस्था भराभर उभ्या राहिल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर सुरू झालेल्या हालचालीतून २००९ मध्ये थायलंडमध्ये रायम्स ही अनेक देशांची पूर्वसूचना संस्था आली. एप्रिल २०१० मध्ये पुण्यात दक्षिण आशियाई हवामान अंदाज मंचाची पहिली बैठक झाली. मान्सूनचा हंगामी अंदाज या देशांनी एकत्र बसून ठरवायची सुरुवात तिथली. ४ मार्च २०१४ ला बिमस्टेकच्या, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटनेच्या, हवामान केंद्राचा करार झाला, केंद्र नोएडाला, पण सही झाली म्यानमारच्या राजधानीत, नेप्यिडॉमध्ये. जपानच्या मदतीने चाउकफ्यू, यांगून आणि मंडाले इथे रडार बसले. (मंडाले म्हटलं की मराठी माणसाला तुरुंगच आठवतो. आता तिथे ढग मोजणारा घुमटही आहे.) यातल्या काही व्यासपीठांचं काम एकमेकांवर चढतं. तेच अधिकारी तीन ठिकाणी तेच सादरीकरण करतात, अशी कुजबुज असते. रडार आणि प्रशिक्षण यांबद्दल मात्र असं म्हणता येणार नाही.

वाऱ्याच्या माहितीत जे इतक्या सहज जमलं, ते नदीच्या पाण्यात जमत नाही. ब्रह्मपुत्रेच्या पूरकाळातली माहिती देण्याचा चीन-भारत करार २००२ चा. २०१७ च्या पावसाळ्यात, डोकलामचा तणाव चालू असताना, ती माहिती आलीच नाही. २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. वाऱ्याला कुणी धरण बांधू शकत नाही, म्हणून त्याचे आकडे देताना कुणाचं काही जात नाही. पाण्याचा आकडा दिला की आपण ते किती अडवतो आणि किती सोडतो हेही उघड होतं. जागतिक हवामान संघटनेनेही हवामानाच्या माहितीचा ठराव १९९५ मध्ये केला आणि जलविज्ञानाच्या माहितीचा वेगळा, १९९९ मध्ये.

मोखा

१४ मे २०२३ रोजी 'मोखा' चक्रीवादळ म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यावरच्या सित्वे शहराजवळ किनाऱ्याला लागलं. किनाऱ्याला लागतानाचा वाऱ्याचा अंदाज ताशी १८० ते १९०, झोत २१० पर्यंत. नाव येमेनने दिलेलं, तिथल्या जुन्या कॉफीच्या बंदराचं. या वेळी दिल्लीच्या बुलेटिनमध्ये वारा होता, मार्ग होता, आणि नेहमीच्या भरतीवर पाणी किती चढेल त्याचा आकडाही होता, तोही काही दिवस आधीपासून. बांगलादेशाने सात लाखांवर लोक हलवले आणि त्यांच्या बाजूला मोठी जीवितहानी झाली नाही.

म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून पुन्हा लष्करी राजवट होती. सित्वेभोवती २०१२ पासून विस्थापित रोहिंग्यांच्या छावण्या आहेत, समुद्राजवळच्या सखल जमिनीवर, बांबूच्या लांबट चाळींच्या. तिथून बाहेर पडायला परवानगी लागते. वादळानंतर सरकारने सांगितलं की सूचना दिली होती, काही लोक हलले नाहीत. सरकारी आकडा १४५ मृतांचा आला. त्यात ४ सैनिक, २४ स्थानिक नागरिक, आणि 'बंगाली' या रकान्याखाली ११७ रोहिंग्या.